खालून बोलणारा

चिमी: नाही म्हटलं ना काका. मी खोटं बोलणार नाही.

काका: अगं, खोटं कुठे आहे त्यात? तुमच्या दारासमोर माझं दार. तुझ्या आईशी माझं लग्न झालेलं नाही, मी तुझा मामा नाही, सख्खा नाही, चुलत नाही. मग उरलं काय? शेजारी!

चिमी: शेजारी वाटीभर साखर मागायला येतो. तुम्ही माझ्या वेण्या घालायचात.

काका: आणि काय वाईट घालायचो! एक वर, एक खाली. तुझी आई दवाखान्यातून रात्रपाळी करून आली की आधी त्या सोडायची, मग चहा घ्यायची. ते जाऊ दे आता. क्रेनचा परवाना मिळवायचाय आज, जुनं उगाळत बसू नकोस. परीक्षेत जवळच्या नातेवाइकानं खाली उभं राहून इशारे द्यायचे नाहीत, असा नियम आहे. आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा, कोणी चालत नाही. बाई विचारतील, हे कोण? तू म्हणायचंस, शेजारी. मी वॉकीटॉकी घेतो, तू वर चढ, टाकी पलीकडे अलगद ठेव, झालं काम.

चिमी: आणि उद्या सगळी साइट म्हणणार, टाकी म्हाताऱ्याच्या तोंडानं उतरली, पोरीनं नुसते दांडे हलवले.

काका: कोण म्हणतं असं? दाखव मला तो.

चिमी: कोणाकोणाला दाखवू? सगळेच म्हणतात, तुमची पाठ फिरली की.

काका: म्हणू देत. परवाना हातात आला की तोंडं बंद होतील त्यांची. चिमे, हट्ट करू नकोस. टाकी जाणार इमारतीमागे. केबिनमधून तुला तिथलं काडीचं दिसणार नाही. खालचा माणूस म्हणजेच तुझे डोळे. ते कुणा परक्याचे असण्यापेक्षा...

चिमी: शेजाऱ्याचे असलेले बरे.

काका: घ्या! आता माझी टर उडव.

चिमी: उडवणारच. गप्प बसा, परीक्षेच्या बाई आल्या.

मॅडम: परीक्षा तुझीच ना? काम काय आहे ते तुझ्या शब्दांत सांग.

चिमी: ट्रकवरची पाण्याची टाकी उचलायची, इमारतीवरून पलीकडे न्यायची आणि मागच्या ओट्यावर ठेवायची. ओटा मला दिसत नाही. खालून सांगतील तसं उतरवायचं.

मॅडम: आणि खालचा माणूस बोलायचा थांबला तर?

चिमी: तर मीही थांबायचं. तो परत बोलेपर्यंत काही हलवायचं नाही.

मॅडम: ठीक. खाली कोण आहे?

काका: मी, मॅडम. इथे सगळे मला शिट्टीकाका म्हणतात. हे वॉकीटॉकी आले नव्हते तेव्हा मी शिट्टीवर माल उतरवायचो. अजून एक खिळा वाकडा पडू दिलेला नाही.

मॅडम: मुलीशी नातं?

काका: शेजारी. दार समोरासमोर, बाकी काही संबंध नाही.

चिमी: वडील आहेत माझे.

मॅडम: दोघांनी मिळून काहीतरी एक ठरवा.

काका: मॅडम, तुम्ही तिच्याकडे लक्ष देऊ नका. परीक्षेच्या धास्तीनं काहीही बडबडतेय ती.

चिमी: धास्ती तुम्ही घेतलीय. मॅडम, मी ज्यांचं नाव लावते ते गृहस्थ मी चालायला लागायच्या आधीच घर सोडून गेले. उद्या रस्त्यात समोर आले तर मी त्यांना ओळखणार नाही. त्यांनी ओळख दिली तर नमस्कार करीन आणि पुढे जाईन.

काका: चिमे, तोंड आवर!

मॅडम: मला तुमच्या घरच्या गोष्टींत पडायचं नाही. नियम लागू होतो की नाही, एवढंच बघायचंय. काका, तुम्ही सांगा. शाळेत पालकांना बोलवायचे तेव्हा कोण जायचं?

काका: आता तिच्या आईची असायची ड्यूटी, म्हणून मग...

मॅडम: कोण जायचं?

काका: मी जायचो. पण शेवटच्या बाकावर बसायचो.

मॅडम: आजारी पडली की?

काका: आई नर्स आहे की तिची.

चिमी: नर्स आहे म्हणूनच ती दुसऱ्यांच्या उशाशी असायची. माझ्या उशाशी हे. औषध मी प्यायचे आणि तोंड हे वाकडं करायचे.

काका: वासच तसा होता त्याला.

मॅडम: आणि क्रेन शिकते म्हणाली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

काका: साफ नाही म्हणालो. जगात इतके धंदे पडलेत, तुला हाच बरा सापडला? आयुष्य काढलंय मी या क्रेनखाली, काय काय होतं ते बघितलंय. अबोलाच धरला तिच्याशी. समोरासमोर दारं, आणि मी दार उघडायच्या आधी फटीतून बघायचो ती जिन्यात आहे का. मग एक दिवस राहवेना. गेलो आणि तिच्या मापाचे बूट आणले. चांगले, लोखंडी टोकाचे.

मॅडम: मग प्रश्नच मिटला. शेजाऱ्याची मुलगी क्रेनवर चढली तर माणूस कौतुकानं बघायला येतो, अबोला धरत नाही. तुम्हाला वॉकीटॉकी मिळणार नाही.

काका: अहो पण मॅडम, कायद्यानं मी तिचा कोणी लागत नाही!

मॅडम: कायद्यानं नसाल लागत. माझ्या नियमात बसता. खाली मी उभी राहते. तुम्ही त्या दोरीच्या पलीकडे.

काका: बघ, काय करून बसलीस! अजून सांग त्यांना.

चिमी: काय सांगू?

काका: की मी तुझा कोणी नाही.

चिमी: ते तुम्हीच सांगत आलात की आजवर! दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये. कोणी म्हटलं, मुलगी गोड आहे हो तुमची, की लगेच, छे छे, माझी नाही, शेजारची. दर वेळी वाटायचं, आज घरी गेल्यावर हे आपलं दार लावून घेणार.

काका: अगं वेडे... तुझ्या आईला कोणी बोल लावू नये म्हणून म्हणायचो. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? आणि तो कधी परत आला असता तर? त्याच्या जागेवर मी ठाण मांडून बसलोय, असं नको होतं मला.

चिमी: ती जागा त्याची कधी नव्हतीच. चला, मी चढते वर.

काका: पट्टा लावलास?

चिमी: लावला.

काका: पाणी?

चिमी: घेतलं. काका, टाकी मी उतरवते. तुम्ही नुसतं बघा.

(चिमी वर केबिनमध्ये. मॅडम इमारतीच्या कोपऱ्यावर, तिथून ट्रक आणि मागचा ओटा दोन्ही दिसतात. तिचा आवाज आता मॅडमच्या हातातल्या वॉकीटॉकीतून येतो आहे. काका दोरीच्या पलीकडे, पण दोरीला अगदी चिकटून.)

मॅडम: उचल. वर, वर, वर. ट्रकवरून सुटली. वर, अजून वर. हं, आता इकडे फिरव. इमारत ओलांडली. इथून पुढे टाकी तुला दिसणार नाही, मला दिसतेय. ऐकू येतंय ना?

चिमी: स्पष्ट येतंय.

मॅडम: सोड खाली. सावकाश. खाली, खाली, खाली...

काका: मॅडम, वारा सुटलाय. टाकी फिरतेय बघा.

मॅडम: दिसतंय मला. खाली, खाली. थोडी डावीकडे. बस. खाली, खाली...

काका: अहो डावीकडे काय! पाइप आहे तिथे! चिमे, उजवीकडे घे, उजवीकडे!

मॅडम: तुम्ही गप्प राहणार आहात का? तो पाइप केव्हाच मागे गेला. तिथून तुम्हाला तिरकं दिसतंय. हे असं करायला लागलात तर मी परीक्षा रद्द करीन.

काका: चुकलं, मॅडम. पण... टाकी का थांबली?

मॅडम: थांबणारच. मी तिच्याशी बोलायचं सोडून तुमच्याशी भांडतेय.

चिमी: मॅडम, तुमचा आवाज बंद झाला म्हणून मी थांबलेय. मध्ये उजवीकडे घे असं ऐकू आलं, तो आवाज तुमचा नव्हता, म्हणून घेतलं नाही. टाकी स्थिर आहे, घाई नाही. आणि माझ्या बाबांना म्हणावं, दोरीच्या पलीकडे उभं राहायचं म्हणजे तोंडसुद्धा पलीकडेच ठेवायचं.

मॅडम: ऐकलंत?

काका: ऐकलं.

मॅडम: काय झालं? चक्कर येतेय का? बसा खाली.

काका: नाही, नाही. उभाच राहतो. तुम्ही तिच्याशी बोला. मी आता ब्र काढत नाही.

मॅडम: पुढे चालू. खाली, खाली, खाली. सावकाश. जराशी उजवीकडे. बस. खाली, खाली. टेकतेय. टेकली. दोर सैल सोड.

चिमी: सोडला. हूक काढायला माणूस पाठवा.

मॅडम: पाठवते. बरोबर मधोमध ठेवलीस. पास झालीस तू. ये खाली.

चिमी: येते. बाबा काय म्हणतायत?

मॅडम: नाक पुसतायत.

चिमी: बाहीला?

मॅडम: बाहीला.

चिमी: रुमाल आहे म्हणावं खिशात. सकाळी मीच ठेवलाय.

काका: सापडला, सापडला! तू आधी नीट बघून उतर.

मॅडम: बाबा पहिल्यांदाच म्हणाली का?

काका: पहिल्यांदाच. आणि तेही दटावताना.

मॅडम: माझा मुलगासुद्धा भांडतानाच आई म्हणतो. एरवी नुसतं अगं, जेवायला वाढ. पण काय हो, तुमच्या आवाजावर तिनं दांडा हलवला नाही. तिथे मी पास केलं तिला. चांगलं शिकवलंत.

काका: छे, मी कुठलं, ती तिची तीच... हो. मीच शिकवलं.

मॅडम: अजून मुलं किती तुम्हाला?

काका: नाही मॅडम. एवढी एकच.