पेन्सिलीनं लिवलेला खुनी

पेन्सिलच की हो! सुतारकामाची, चपटी, कानामागं अडकवायची पेन्सिल! थुकी लावून अंगठा फिरवला की गेलं, शाई थोडीच हाय? पर न्हाई… सगळं गाव माझ्यावर उठलं, नाथाजी मिस्त्रीनं पुस्तक नासवलं म्हणून. नासवलं? दूध नासतंय मंडळी, पुस्तक कसं नासंल? आन् ज्या वाचनालयातलं पुस्तक, त्या वाचनालयाची कपाटं कुणी केली? ह्या दोन हातांनी! आता एका कपाटाचं दार गेली सोळा वर्षं लागत न्हाई ही गोष्ट निराळी, पर त्यामुळंच तर पुस्तकांना वारं लागतंय, वाळवी लागली न्हाई… कुणी आभार मानलं का?

बसा, निवांत बसा, सांगतो. आमचं गाव आष्ट्यापासनं जरा आत. खाली डेरी, वर वाचनालय. खाली दुधाची फॅट बघत्यात, वर माणसाची! पूर्वी वर कुणी फिरकत न्हवतं. मी एकटा जायचो, पेपर वाचायला… खरं सांगू? पेपर तोंडावर घेऊन झोपायला. आपलं वाचन म्हंजे तुमाला सांगतो, चौथीत मी तीन वर्षं काढली, मास्तरला माझी इतकी सवय झाली की पाचवीत ढकलताना त्यांच्याच डोळ्यात पाणी आलं. पाचवीत आठ दिवस बसलो आन् रंधा हातात घेतला.

मग आली उत्कर्षा. आमच्या आप्पासोची सून, सांगलीची पोरगी. आप्पासो म्हंजे रिटायर सुभेदार, घरात चहा मागायचा तरी 'सावधान' म्हणून मागणारा माणूस. त्याची सून वाचनालयात बसाय लागली आन् पयल्याच दिवशी तिनं एक वही सुतळीनं टेबलाला बांधली. मी म्हणलं, "पोरी, वासरू हाय का काय ते, दावं लावलंस?"

"नाना, ही मतांची वही. पुस्तक वाचलं की आपलं मत लिहायचं. आवडलं तर का आवडलं, नाही आवडलं तर का नाही. मत लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक मिळणार नाही!"

घ्या! आमच्या गावात मत द्यायची सवय पाच वर्षातनं एकदा, आन् हिला दर आठवड्याला पायजे! आन् त्याशिवाय अमावस्येला सकाळी सगळ्यांनी वर जमायचं आन् मतं मोठ्यानं वाचायची. अमावस्येलाच का? आवं, अमावस्येला आमच्याकडं कोण औत धरतंय? रान बंद, माणूस रिकामा, आन् रिकामा माणूस मत द्यायला कवाबी तयार!

आन् काय एकेक मतं हो! आप्पासोनं घेतली प्रेमाची कादंबरी. मोठ्या टायपात नाव हाय म्हणून घेतली म्हणतो… आम्ही हसलो न्हाई, सुभेदार हाय. त्याचं मत, "नायकाने पान बारावर नायिकेस पाहिले. पान एकशेचाळीसपर्यंत कारवाई शून्य. नायकाची तातडीने बदली करावी."

जोतीराम महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो, तो कवितांचं पुस्तक घेऊन गेला. लिवतोय, "गिऱ्हाईक पॉइंट बघून येईस्तोवर एक कविता हुती. मोठ्या पॉइंटला दोन. माप बरोबर हाय." धुळा, मेंढ्या घेऊन चार महिने फिरणारा माणूस, त्यानं पायी प्रवासाचं पुस्तक नेलं, तीनदा वाचलं, आन् येऊन लिवलं, "ह्या गृहस्थानं दोनशे कोस चाललो म्हणून लिवलंय, पर पायताण एकदाबी तुटलं न्हाई. हा मोटारीनं गेलाय." आन् आमच्या शेजारच्या जयराजची नवी बायको साक्षी, स्वैपाकाचं पुस्तक, "चवीनुसार मीठ असं लिहिलंय. चव कुणाची? सासूची का सुनेची, ते आधी छापावं." खुद्द तिची सासू समोर बसलेली! हॅ हॅ हॅ… त्या दिवशी डेरीत दूध आपोआप विरजलं असंल!

मग मला सांगा, एवढी मजा चाललीय, आन् माझ्यासारख्या माणसानं निस्तं बसून ऱ्हावं? कानामागं पेन्सिल असताना?

तिथं एक खुनाचं पुस्तक हुतं. 'हिरव्या कोटाचं बटण'. बंगल्यातल्या रावसाहेबाचा खून, आन् संशय चौघांवर. डॉक्टर, दिवाणजी, पुतण्या आन् मोलकरीण. हे मी वाचलं न्हवतं बरं का, मागच्या पुठ्ठ्यावरच छापलंय. आप्पासो ते घेणार असं कळलं, म्हणून मी आदल्या दिवशी गेलो, पयल्या पानावर लिवलं, "खून डॉक्टरनं केला." बस्स! पेन्सिलच की हो!

आप्पासो आठ दिवस घुसमटला. पुस्तकात डॉक्टर आला की म्हणायचा, "पकडा त्याला!" शेवटाला जाऊन बघतोय तर डॉक्टर न्हवंच! तुमाला वाटंल, काठी घेऊन आला असंल. पर न्हाई. गप पुस्तक परत दिलं, आन् जोतीरामला म्हणतो, "घे, चांगलं हाय." का? आवं, आपण खड्ड्यात पडलो तर दुसरा पडूस्तोवर आमच्या माणसाला जेवण जात न्हाई! मी आपला जोतीरामसाठी डॉक्टर पुसला, दिवाणजी लिवला. धुळ्यासाठी दिवाणजी पुसला, पुतण्या लिवला. पुस्तक गावभर फिरलं. मी एकटाच न वाचलेला, आन् मीच सगळ्यांना एकेक खुनी वाटत सुटलेला!

आता ऐका, हितं घोटाळा झाला.

आमची तानुबाई. माझी बायको हो! वय एकसष्ट. शाळेचं तोंड बघितलं न्हवतं. उत्कर्षानं दुपारी बायकांना अक्षरं शिकवाय सुरवात केली, आन् ही जायला लागली. आधी साबणाचं कव्हर वाचलं. मग यष्टीची पाटी. मग माझी औषधाची बाटली घेतली आन् म्हणती, "आवं, ही तारीख तर दोन वर्षांमागं संपलीया… तुमी अजून हायसा कसं?" असली खोडसाळ! आन् एक दिवस पिशवीतनं पुस्तक काढलं. आयुष्यातलं पयलं पुस्तक. हिरव्या कोटाचं बटण! म्हणलं, "आगं, हेच का?" तर म्हणती, "कोटाचं बटण तुटलंय आन् घरातल्या कुणी शिवून दिलं न्हाई, असलं कसलं घर ते बघायचंय."

झाली का पंचाईत! कारण त्याच सकाळी मी जयराजसाठी म्हणून पुतण्या पुसून चौथं नाव लिवलं हुतं.

उंबऱ्यात बसली. चष्मा लावला. बोट ठेवलं. आन् वाचती… "खू… खून… मो… मोल… क… र… णी… नं… के… ला."

मंडळी, जन्मात तिनं पुस्तकातलं पयलं वाक्य वाचलं, आन् ते माझं निघालं!

पुस्तक मिटलं. चष्मा काढला. म्हणली, "पुस्तकातबी मोलकरणीवरच आलं व्हय?"

तुमाला ठाऊक न्हाई, मला ठाऊक हाय. लगीन व्हायच्या आधी ती माधवनगरला एका मोठ्या घरात भांडी घासायची. पंधरा वर्षांची पोर. एक दिवस चांदीची वाटी दिसंना, तर सगळ्यांदेखत तिचा पदर झाडायला लावला. वाटी तिसऱ्या दिवशी त्यांच्याच पोराच्या खेळण्यात सापडली. कुणी कायबी म्हणलं न्हाई. 'चुकलं' बी न्हाई. हे तिनं मला सबंध संसारात एकदाच सांगितलंय, आन् लिवताना माझ्या टाळक्यात आलं न्हाई. वाचलेलं न्हाई, विचारलेलं न्हाई, चौथं नाव ऱ्हायलं हुतं म्हणून लिवलं!

म्हणलं, "आगं, कुणीतरी चेष्टेनं लिवलं असंल… पेन्सिलच हाय की!"

"वाचलेल्यानंच लिवलं असंल. खरंच असंल. मला न्हाई वाचायचं." आन् पुस्तक फळीवर ठेवून भाकरीला बसली.

आता काय करू? 'मी लिवलं, खोटं हाय' म्हणून सांगावं, तर खोटं हाय कशावरनं? खरंच मोलकरणीनं केला असला तर? मला कुठं ठाऊक! गेलो आप्पासोकडं. "सुभेदार, खून कुणी केला रं?" तर छाती काढून म्हणतो, "गोपनीय बाब!" जोतीरामला फोन लावला. "नाना, पॉइंटला धुकं हाय, कायबी दिसत न्हाई," आन् खिक् करून हसला. धुळ्याला गाठलं रानात, तर तो मेंढ्यांकडं बोट करून म्हणतो, "ह्यांच्यादेखत वाचलंय. ह्यांनाच इचार!" उत्कर्षा तर काय, "नाना, वाचा की! दोनशे बाराच पानं आहेत!"

दोनशे बारा पानं! मी? पर फळीवरच्या त्या पुस्तकाकडं ती बघायची आन् नजर फिरवायची… मला भाकरी गिळंना झाली. शेवटी उचललं. दुपारी ती वर्गाला गेली की तिचाच चष्मा घ्यायचा, खिडकीतच असायचा, आन् कामाच्या छपरात फळ्यांच्या आडोशाला बसायचं. खूण म्हणून रंध्याचा पापुद्रा. पयल्या दिवशी चार पानं. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी जयराजच्या न्हाणीचं दार करायला घेतलं, आन् त्या मोलकरणीची, कस्तुरा तिचं नाव, तिची झडती चाललीय पुस्तकात… माझं ध्यान कुठं? दार दीड वीत आखूड झालं! जयराज म्हणतो, "नाना, फटीतनं गुडघे दिसत्यात!" म्हणलं, "गप रं! हितं पोरीच्या जिवावर बेतलंय, तुझं गुडघं कोण बघतंय?"

एकशेनव्वदाव्या पानावर पोलिसांना बटण सापडलं. कुठं? कस्तुराच्या पेटीत! मंडळी, मी दोन दिवस जेवलो न्हाई. देवाला नवस बोललो. छापलेल्या पुस्तकासाठी नवस! 'देवा, काय वाट्टेल ते कर, पुतण्याला अडकव, दिवाणजीला अडकव, पर पोरीला सोडव!' दोनशे दहावं पान. तपास करणारा साहेब सगळ्यांना दिवाणखान्यात उभं करतो, आन् म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे, आणि तो म्हणजे—"

पान उलटलं. पुढं पुठ्ठा!

शेवटचं पान न्हाईच! उभं-आडवं झाडलं पुस्तकाला, भुश्यात हात घातला, रंध्याखाली बघितलं… न्हाई म्हंजे न्हाई! आन् दुसऱ्या दिवशी अमावस्या.

गेलो वर. सगळं गाव जमलेलं, मी माझ्याच कपाटाला टेकून, जे लागत न्हाई त्या दाराकडनं. उत्कर्षानं नाव पुकारलं, "तानुबाई!" मी गारठलो. हिनं तर वाचलंच न्हाई! आता भरल्या सभेत उभी ऱ्हाऊन काय सांगणार? माझ्यापायी परत सगळ्यांदेखत मान खाली?

ती उभी ऱ्हायली. पदर नीट केला. वही घेतली, स्वतः लिवलेलं, बोट ठेवून वाचायला लागली.

"माझं हे पयलं पुस्तक. पयल्या पानावर पेन्सिलीनं लिवलेलं वाचून वाईट वाटलं. मग बघितलं, छापलेलं बारीक हाय, हे जाड. असली चपटी पेन्सिल गावात एकाच कानामागं हाय."

सगळी मुंडकी माझ्याकडं! मी पेन्सिल काढून खिशात घातली, त्यानं तर आणखीनच हसलं गाव!

"तवा मी दोन गोष्टी ठरवल्या. एक, सकाळी ते कामाला गेलं की पुस्तक वाचायचं. दुसरी, दुपारी वर्गाला येताना चष्मा खिडकीत ठेवायचा… त्यांच्या हाताला लागंल असा."

घ्या! मी म्हणत हुतो, मी चोरून वाचतोय!

"पेन्सिलच की हो, पुसलं की गेलं, असं ते म्हणतील. पर माझी वाटी सापडली तरी पुसलं गेलं न्हवतं. म्हणून सगळ्यांदेखत सांगती. मोलकरणीनं खून केलेला न्हाई. कुणी केला ते सांगणार न्हाई, कारण आमच्या घरातला एक वाचक अजून शेवटाला पोचला न्हाई."

टाळ्या! आप्पासोनं उठून सलाम ठोकला. आन् मी… खोटं कशाला बोलू, डोळ्यात काहीतरी गेलं. भुसा असंल. सुताराच्या डोळ्यात भुसाच जातो! तिथंच, सगळ्यांसमोर म्हणलं, "तानू, चुकलं माझं." तिनं निस्ती मान हलवली. पर तिच्या तोंडावरचं हसू तुमी बघायला पायजे हुतं, गड्या… त्यासाठी आणखी दोनशे बारा पानं वाचीन!

तसंच झालं की! सभा संपली, मी म्हणलं, "आता दे ते पान." तर चंची दाखवली. पान-सुपारीच्या चंचीत, चार घड्या घालून, कंबरेला! म्हणली, "आणखी तीन पुस्तकं वाचा, मतं लिवा, मग देती. उत्कर्षाला चिकटवायला बी द्यायचंय." उत्कर्षा मेली तिलाच सामील! माझी पेन्सिल काढून घेतली आन् हातात पेन दिला. "नाना, तुमचं मत मात्र शाईनं."

दोन पुस्तकं झाली. तिसरं चाललंय. संध्याकाळी उंबऱ्यात दोघं बसतो, चष्मा एकच, म्हणून एक पान ती वाचती, एक पान मी. बरं चाललंय आपलं. पर खून कुणी केला? तुमाला ठाऊक असंल तर सांगा… न्हाई, नको! सांगू नका!

वहीतलं माझं मत तेवढं ऐका, शाईनं लिवलंय, पुसायची सोय न्हाई, "पुस्तक लय चांगलं. शेवट बायकोच्या चंचीत हाय."