बारवेचा फोटो

सोलापूरच्या एसटी स्टँडवर वैरागच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक एकाच मोबाईलवर वाकले होते.

“आप्पा, तुमी काढलेला बारवेचा फोटो विकिपीडियावर टाकायचा तर परवानगी तुमचीच लागती. मेल मी लिवलाय, तुमी नुसता पाठवा.”

“आदी वाच की.”

“‘हा फोटो कुणीही वापरावा, छापावा, विकावा. माझी हरकत नाही.’”

“कुणीबी म्हंजी? तात्याबी?”

“सख्खा भाऊ हाय तुमचा.”

“त्यानं दुकानाच्या कॅलेंडरवर छापला तर?”

“छापू दे की.”

“मग लिव, तात्या सोडून.”

“तसं चालत न्हाय. मुक्त परवाना हाय, सगळ्यांना सारखाच.”

“पोराच्या लग्नाच्या पत्रिकेत समद्या भावकीची नावं छापली त्यानं. माझंच तेवढं गाळलं. ऱ्हाऊ दे फोटो माज्यापाशी.”

“बरं, ऱ्हाऊ दे. मग शेवटची ओळ काय वाचत न्हाय मी.”

“कसली ओळ?”

“जो कुणी छापंल, त्यानं फोटोखाली काढणाऱ्याचं नाव द्यायलाच पायजे.”

“तात्यानंबी?”

“तात्यांनीबी.”

“पुरं नाव?”

“तुमी सांगाल तसं.”

“बापाच्या नावासकट लिव. आन् पाठवायचं बटन कुटं हाय?”

“ह्ये बघा, हितं. दाबा. झालं, गेला मेल. चला आता, गाडी लागली.”

“थांब गं. तात्याला फोन लाव आदी. औंदा कॅलेंडर कवा छापायला टाकतोय, तेवढं इचार.”