ढिगाच्या मधे घातलेला हात

भरवसा कुणावर ठेवायचा, सांगा बरं? विकणाऱ्यावर, की आपल्या हातावर? विंचूरच्या कांद्याच्या लिलावात आमचे आप्पा म्हणायचे, "वरचा कांदा सगळेच निवडून लावतात रे. ट्रॉलीच्या मधे कोपरापर्यंत हात घाल." आप्पा गेले, सवय राहिली.

पुतणी सायली पहिल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करत होती. तिनं आपला कॉम्प्युटरचा प्रोग्राम कौतुकानं दाखवला. मी सवयीनं मधल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"हे काय करतं गं?"

"काका, तुम्हाला काय कळणार त्यातलं!"

"मला नाय कळणार. तुला कळतंय ना?"

ती हळूच म्हणाली, "ते एआयनं लिहिलंय."

"आणि मुलाखतीच्या साहेबानं तिथंच हात घातला तर?"

तिनं तो भाग पुसला आणि स्वतः लिहायला बसली. रडकुंडीला आली, पण उठली नाही.

मुलाखतीत साहेबांनी त्याच प्रोग्रामातला भलताच भाग उघडला, तोही एआयनं लिहिलेला. ही सरळ म्हणाली, "हे एआयचं आहे, मला अजून पुरतं कळलेलं नाही. बाकीचं माझं, ते विचारा." त्यांनी विचारलं, आणि घेतलं की हो तिला!

आप्पा हवे होते हो त्या दिवशी.

तुम्हीही हल्ली सगळं एआयकडून लिहून घेता ना? घ्या खुशाल. फक्त त्याचं किती अन् आपलं किती, एवढा हिशेब खरा ठेवा.