कार्ड अजून दिसत न्हाय

— न्हाय पावणं, तसं जोरात दाबू नका, तुटंल ते. कार्ड नीटच बसलंय. रोजच बसतंय — पण ह्या लॅपटॉपला ते दिसत न्हाय. आता तुम्ही हातकणंगल्यासनं एवढं आलायसा म्हशीसाठी, आणि दिवाळी पाडव्याला ती पळतानाचा व्हिडिओ बघितल्याबिगर सौदा न्हाय म्हणतायसा — बरोबर हाय तुमचं, मी तरी बिनबघता घेतली असती का? — पण व्हिडिओ हाय ह्या कॅमेऱ्याच्या कार्डात, फोनात ते जात न्हाय, आणि कार्ड वाचायची ही जी खाच हाय, रीडर म्हणत्यात तिला, ती चालत न्हाय. दिवाळीपासनं झगडतोय. बसा, चहा टाकलाय. दूध ह्याच म्हशीचं हाय, प्यालासा की कळंल.

काय? विंडोज न्हाय व्हय यात? — न्हाय की. लिनक्स हाय. क्रांतीनं घातलंय, माझ्या पोरीनं. बेंगळूरला असती ती, कॉम्प्युटरचंच काम. हा जुना डबा भंगारात घालणार होतो मी, तिनं सगळं पुसून त्यात हे घातलं — फुकट असतंय, कुणा एकाच्या मालकीचं न्हाय, जगातली माणसं मिळून करत्यात म्हणं. दुकानात? गेलतो की दुकानात! तो नीट बघायच्या आधीच म्हणाला, काका, हे काढून टाकू, विंडोज टाकतो, लगेच चालतंय बघा. म्हटलं, ठेव खाली. पोरीनं घातलेलं काढतोय व्हय मी? तसाच काखेत मारून घरी आणला.

मग तीच शिकवती, फोनवर. रोज संध्याकाळी. आबा, ती काळी खिडकी उघडा — उघडली. आबा, एल एस यू एस बी लिहा — लिहितो, एका बोटानं. रीडरचं नाव आलं का? — आलं. मग कार्ड का दिसंना? — मला काय ठावं? मग अजून एक काहीतरी लिहायचं, की खाली ओळीच ओळी पडत्यात, आणि म्हणती वाचून दाखवा. मी वाचतो अक्षर अक्षर लावून, ती तिकडं हसून हसून दमती. आणि ते सुडो! सुडो लिहिलं की पासवर्ड मागतंय, आणि पासवर्ड लिहिताना पडद्यावर काय उमटतच न्हाय हो — टिंबसुद्धा न्हाय. मला वाटलं कीबोर्ड गेला, चांगला आपटला. ती म्हणाली, आबा, उमटत नसतंय ते, न बघता लिहायचं आणि एंटर मारायचं. पासवर्ड काय ठेवलाय — सांगू नये खरं — हरणी. म्हशीचं नाव.

पाडव्याला म्हशीला? व्हय, क्रांतीच पळवत होती. तुम्हाला वाटलं मी? ह्या गुडघ्यांनी? मी आपला गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर हरणीला घेऊन उभा, धार काढून गिऱ्हाइकाला गिलास द्यायचा, एवढंच माझं. पळवायला ही. पाडव्याला बुलेटचा सायलेन्सर काढून पोरगी पुढं, आणि हरणी शिंगांना मोरपिसं लावून मागं, अशी सुसाट की बघणारी माणसं कट्ट्यांवर चढायची! दाव्याबिगर, नुसत्या हाकेवर. हिची आई गेल्यावर घरात आम्ही तिघंच की — मी, ती आणि म्हैस. मग नोकरी लागली तिला. जावं लागतंय. आता म्हणती, आबा, तुमच्यानं व्हत न्हाय, हरणीला चांगलं घर बघू. तुमास्नी तिनंच धाडलंय न्हवं? व्हिडिओ दाखवा, पावणं लगेच न्हेतील, म्हणती.

आधी फोन कसा असायचा सांगू? — आबा, जेवलासा? जेवलो. गोळी घेतलीसा? घेतली. बरं, ठेवते. झालं. मी तरी काय बोलणार, तिला तिकडं मीटिंगा. आणि आता तास तास बोलती. चिडती, हसती, मला येडं म्हणती, मध्येच ऑफिसातलं सांगती. म्हणून म्हणतो, हे दुरुस्त कराय तुमच्या पुतण्याला बोलवू नका. उगंच हात लावाय नको कुणी. बिघडलेलं कायबी न्हाय त्यात, कार्ड आधी घालून मग मशीन चालू केली की आपसूक येतंय सगळं, हरणी पळताना, ही मागं वळून ये-ये करताना —

…

असं बघू नका पावणं.

व्हय. दिसतंय. दिवाळी सरली तवाच दिसाय लागलं. रात्री कार्ड आतच ऱ्हायलं, सकाळी बटण दाबलं, आणि आलं. फोन हातात घेतला तिला सांगाय — आणि ठेवला. सांगितलं तर उद्यापासनं काय? जेवलासा, जेवलो? रोज धार झाली की बघतो एकदा, आवाज बंद करून. आवाज लावला की पोरीची हाक ऐकून तिकडं गोठ्यात हरणी उठून उभी ऱ्हाती, दाव्याला ताण देऊन दाराकडं बघत. कुठनं आणून देऊ तिला पोरगी? दमलोय बघा. म्हैस ठेवायचं बी व्हईना, आणि तिच्याबिगर बी व्हईना.

— थांबा. आला फोन. तिचाच. उठा पावणं. चहा ऱ्हाऊ दे. म्हशीचं नंतर बोलू — न्हाय, नंतर बी नको. पायताण घ्या, दार हळू ओढा.

— हां क्रांती, बोल की. … न्हाय गं, तसंच हाय. कार्ड अजून दिसत न्हाय. … पावणं? आलतं, गेलं. त्यास्नी पटली न्हाय म्हैस. … हां, बसलोय समोर. उघडली काळी खिडकी. सांग, काय लिहू?