कब्जा

आमच्या भिलाईत बिजागरीलाही कब्जाच म्हणतात, म्हणून हे झालं. आमचे हे गेले आणि रिसाली भागातल्या घराच्या कर्जाचे हप्ते थकले. एक दिवस बँकेचा माणूस नोटीस घेऊन दारात. "माताजी, कब्जा लेना है."

सासूबाई म्हणाल्या, "घेऊन जाय बापा, कुरकुरतेच तो. पोराले किती सांगतलं बदलव म्हणून. तो गेला, कब्जा राह्यला."

कोण काय नेतंय, मला कळेना. त्यालाही कळेना.

"लोन वाले गुजर गये?" त्यानं फाईल उघडली. "मॅडम, इसमें तो लोन का बीमा है! बताया क्यों नहीं?"

मलाच ठाऊक नव्हतं. बीम्याचा अर्ज त्यानंच भरून दिला, नोटीस परत घेतली.

तो निघाला तशा सासूबाई ओरडल्या, "अरे, कब्जा न घेताच चालला?"