शालनकाकू अडखळल्या तेव्हा

बसा मंडळी, सावरून बसा. मागच्यांनी पुढे या, जागा आहे.

नामस्मरण झालं, आता आख्यानाकडे वळू. पण आधी एक विचारतो. भक्तीचे नऊ प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात पहिला कोणता? श्रवण! कीर्तन दुसरं. म्हणजे बघा, मी इथे उभा राहून एवढा घसा कोरडा करतोय, तरी मान पहिला तुमचा. बोलणाऱ्याच्या आधी ऐकणारा. मग माझा प्रश्न असा, की आपण ऐकतो म्हणजे नेमकं काय ऐकतो? माणूस समोर बोलत असतो, तेव्हा कानात त्याचं खरेपण शिरतं, की नुसता आवाज?

ऐका तर. नदीकाठच्या एका गावातली गोष्ट आहे. गावाला आपण सांगवी म्हणू. सरपंचपदाची निवडणूक आली. गावात दोन पॅनल, आणि त्यातल्या एका पॅनलमध्ये उमेदवारीसाठी दोघं उभे. आता दोघांना तर तिकीट देता येत नाही. पॅनलचे जुने पुढारी भिकाजीअण्णा म्हणाले, बंद खोलीत ठरवायला नको. दोघांना एका मंचावर बसवा, लोकांना प्रश्न विचारू द्या, पुढच्या रविवारी आपल्या सभासदांनी हात वर करून निवडावं. चांगला विचार होता. मारुतीच्या देवळापुढे मांडव पडला. केबलवाल्याने कॅमेरा लावला, म्हणजे ज्यांना यायचं नाही त्यांनी घरी टीव्हीवर बघावं.

उमेदवार कोण? एक वकील, प्रमोद खताळ. तरुण, देखणा, तालुक्याच्या कोर्टात नाव असलेला. बोलायला लागला की ऐकत राहावं असा. आणि दुसऱ्या शालन वाकचौरे. गाव त्यांना शालनकाकू म्हणायचं. ग्रामपंचायतीत सदस्य, पाणीपुरवठा समितीवर होत्या. शिकलेल्या बेताच्या, आवाज बारीक. माईकपुढे आल्या की पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या.

सभा सुरू झाली. रस्ता, शाळा, स्मशानभूमीची शेड, सगळ्यांवर प्रश्न झाले. वकीलसाहेब प्रत्येक प्रश्नाला उभे राहत आणि टाळ्या घेऊन बसत. शालनकाकूंचं उत्तर दोन वाक्यांत संपायचं. लोक आपसात गुण द्यायला लागले, कुस्तीच्या आखाड्यात देतात तसे. हा डाव वकिलाचा. हाही वकिलाचा.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एक बाई उठली. सगुणा लोंढे. सगळ्या माना तिकडे वळल्या, कारण तिचं दुःख सगळ्यांना माहीत होतं. आदल्या उन्हाळ्यात लोंढेवस्तीवर काविळीची साथ आली होती. बरेच जण आजारी पडले, बरे झाले. सगुणाची लेक वैजयंता मात्र गेली. तिसरीत होती.

सगुणाने माईक हातात घेतला नाही. लांबूनच विचारलं, "माझी वैजू का गेली?"

मंडळी, एवढाच प्रश्न.

वकीलसाहेब उठले. म्हणाले, "ताई, तुमची वैजू ती माझीही लेक होती. नियतीपुढे कुणाचं चालत नाही. पण मी शब्द देतो, या गावात पुन्हा एकाही आईच्या डोळ्यांत पाणी येऊ देणार नाही." त्यांनी डोळे पुसले. खोटे नव्हते हो ते अश्रू, तसं समजू नका. मांडवात कितीतरी पदर डोळ्यांना लागले, आणि मग ज्या टाळ्या पडल्या, त्या देवळामागच्या चिंचेवरचे बगळे उडवून गेल्या.

मग शालनकाकूंची पाळी. त्या उभ्या राहिल्या आणि बोलेचनात. खाली बघतायत. ओठ हलतात, शब्द येत नाही. मागून कोणीतरी विचारलं, माईक बंद पडला का. लोक हसले. भिकाजीअण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

तेव्हा काकू म्हणाल्या, "सगुणा, मला माहीत होतं. वस्तीचा पाइप गटारातनं जातो, अन् त्याचा जोड फुटलाय, हे मी बघितलं होतं. नळ बंद झाले की घाण आत ओढली जायची. बैठकीत मी एकदा बोलले. यात्रा होऊ द्या, मग बघू, असं ठरलं. मी पुन्हा नाही बोलले. बोलायला पाहिजे होतं."

आणि बसल्या.

एकही टाळी नाही. मग कुजबुज, मग गलका. एक जण ओरडला, मग मतं कशाला मागता! वकीलसाहेबांच्या शेजारी बसलेले त्यांचे मित्र एकमेकांकडे बघून हसले. जिंकले होते ना ते.

पुढचा आठवडाभर गावात दुसरा विषय नाही. न्हाव्याच्या दुकानात, पिठाच्या गिरणीवर, दूध डेअरीच्या रांगेत, जो तो निकाल सांगतोय. काय बोलला वकील, अंगावर काटा आला! आणि काकू? काकूंनी आपल्या हाताने आपला खड्डा खणला. राजकारणात असं बोलतात का? कुणीतरी त्यांच्या गप्प राहण्याचा व्हिडिओ कापला, त्याला गमतीचं संगीत लावलं आणि घरोघरच्या फोनवर पाठवला. लोकांनी बघितला, हसले, पुढे पाठवला.

एकाने तरी विचारलं का, की बाई म्हणाली ते खरं आहे का? जोड अजून फुटकाच आहे का? नाही. कोण कसं बोललं, याचाच हिशेब चालू होता.

आता सगुणाच्या घरी चला. तिचा नवरा दत्तू सभेला गेला नव्हता. त्याच्याने जाववलंच नसतं. त्याने घरी टीव्हीवर बघितलं होतं. सकाळ झाली तसा तो शालनकाकूंच्या दारात जाऊन उभा राहिला. सगुणा मागे धावत आली. दत्तू काय काय बोलला, ते मी इथे सांगत नाही. पोर गेलेल्या बापाच्या तोंडात जे येईल ते सगळं बोलला. शालनकाकू ऐकून घेत होत्या. एकदाही त्यांनी म्हटलं नाही, की समितीत बाकीचेही होते. एकदाही नाही.

दत्तू दमून थांबला. तेव्हा सगुणा ओट्यावर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला एक सांगते. वर्षभर मी कुणाला बोलले नाही. त्या दिवसांत वैजूला पाणी मीच पाजत होते. ताप होता, सारखं पाणी मागायची, मी तांब्या तोंडाला लावायचे. मला वाटायचं, माझ्या हातात काहीतरी पाप आहे. जो येईल तो म्हणायचा, तिचं आयुष्यच तेवढं होतं. कुणी म्हणायचं नशीब. मग मी म्हणायचे, नशीब म्हणजे मीच की. काल ही बाई म्हणाली, पाइप फुटला होता."

आणि मंडळी, लेक गेल्यापासून जी बाई चारचौघांत रडली नव्हती, ती तिथे रडली. शालनकाकू तिच्याजवळ बसल्या. हात धरायचं त्यांचं धाडस झालं नाही. नुसत्या बसून राहिल्या. दत्तू उन्हात उभा होता.

काय झालं होतं, समजलं का? सगळा मांडव ज्याला उत्तम उत्तर म्हणत होता, त्याने सगुणाच्या ओझ्यात भरच घातली होती. आणि ज्याला लोक हसले, त्याने ते ओझं उतरवलं.

रविवारी निवड झाली. वकीलसाहेबांसाठी मांडवभर हात वर गेले. शालनकाकूंसाठी अगदी थोडे. त्यात एक सगुणाचा. दत्तूचा हात कुणासाठीच वर गेला नाही. त्याला क्षमा करता आली नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. क्षमा ही मागून मिळायची वस्तू नव्हे.

वकीलसाहेब पुढे सरपंचही झाले. पण सगुणाचा तो हात त्यांच्या मनातून जाईना. एका दुपारी ते एकटेच लोंढ्यांच्या घरी गेले. तिने पाणी दिलं. ते म्हणाले, "ताई, माझं काय चुकलं?"

सगुणा म्हणाली, "साहेब, तुम्ही लई छान बोलला. पण मी विचारलं होतं त्याचं उत्तर नाही दिलं."

वकीलसाहेबांनी हातातलं पाणी खाली ठेवलं. तिथून उठले ते थेट शालनकाकूंकडे गेले, आणि म्हणाले, चला, मला ती जागा दाखवा. गटार उपसलं. पाइप उघडा पडला. जोड तसाच फुटका होता. नुसती चिंधी गुंडाळलेली. तेच पाणी अजून वस्ती पीत होती, मंडळी. निवडणूक झाली, गुलाल उधळला, मिरवणूक त्याच गटारावरून गेली!

पुढच्या ग्रामसभेत सरपंच उभे राहिले. लोक सरसावून बसले, आता ऐकायला मजा येणार. पण साहेब अडखळले. दोनदा सुरुवात करून थांबले. मग म्हणाले, "मी सगुणाताईंना सांगितलं होतं, ही नियती आहे. ती नियती नव्हती. तो पाइप होता. आणि काकूंनी सांगितल्यावर मी हे दुसऱ्याच दिवशी बघायला पाहिजे होतं. मी बघितलं नाही. मी जिंकल्याच्या आनंदात होतो."

टाळी पडली नाही. घरी जाताना लोक म्हणत होते, साहेबांचं बोलणं आता पहिल्यासारखं राहिलं नाही. पाइप मात्र त्याच महिन्यात गटारातून निघाला आणि वरून टाकला गेला. शालनकाकू पुन्हा कधी कुठल्या पदाला उभ्या राहिल्या नाहीत. गावानेही विचारलं नाही.

आता मला सांगा, या गोष्टीत दोषी कोण? समिती? आहेच. काकू? त्यांनी स्वतःच सांगितलं. वकील? त्यांनीही कबूल केलं. मग मांडवातल्या माणसांनी काय कबूल केलं? ज्यांनी टाळ्या वाजवल्या, हसले, व्हिडिओ पुढे पाठवला? त्यांना कुणी विचारलंच नाही. प्रेक्षकाला कोण जाब विचारणार?

मी विचारतो. आज तुमच्या घरात, तुमच्या भावकीत, एखादा माणूस अडखळत काहीतरी सांगत असेल. तुम्ही त्याच्या अडखळण्याला हसलात की तो गप्प बसायला शिकतो. गोड बोलणाऱ्याला टाळी दिलीत की तो अजून गोड बोलायला शिकतो. बोलणारे आकाशातून पडत नाहीत, बाबांनो. आपले कान त्यांना घडवतात. आणि मग आपणच म्हणतो, आजकाल खरं कुणी बोलत नाही.

माझंही आख्यान चांगलं झालं की वाईट, हे घरी जाताना ठरवू नका. त्याने देवाचंही भागत नाही आणि माझंही. टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, थांबा. तुमच्याशी कोण बोलू बघत होतं आणि तुम्ही ऐकलं नाहीत, ते एक नाव मनात आणा. आणलंत? मग आधी ते नाव. देवाचं त्यानंतर घेऊ.