अभ्यागत वहीची चार पाने

दिनांक १८/०२/२०२५, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

मी, लिनो बस्त्याव तुस्कानो, वय ४९ वर्षे, व्यवसाय नोकरी (लेथ मशीनवर टर्नर, वागळे इस्टेट), शिक्षण दहावी, राहणार वर्तकनगर, ठाणे, मूळ गाव भुईगाव, तालुका वसई. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी ऑड्री हिच्यासह राहतो. ती सरकारी आरोग्य केंद्रात कंत्राटी परिचारिका आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे चेहरा पाहून हजेरी लावणारे यंत्र बसवले. ते मुखवेध सिस्टिम्स या खाजगी कंपनीचे आहे. पहिल्या महिन्यात यंत्राने ऑड्रीला नऊ दिवस गैरहजर दाखवले. त्या नऊ दिवसांत तिने किती बाळांना लस दिली ते केंद्राच्या रजिस्टरात आहे. वरिष्ठांनी तिला सांगितले की यंत्र चुकत नाही.

यंत्रे घेण्याचा आदेश नागरी यंत्रसेवा कक्ष, वागळे इस्टेट या कार्यालयाने २०/०९/२०२४ रोजी काढला. त्याआधी कंपनीची माणसे तिथल्या अधिकाऱ्यांना किती वेळा व कशासाठी भेटली, हे मी ०२/१२/२०२४ रोजी माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारले. मागितलेली माहिती मोघम असल्याने देता येत नाही, असे उत्तर आले. मी अपील केले. अपिलाची सुनावणी ०३/०२/२०२५ रोजी दुपारी ३ वाजता होती.

मी अडीच वाजता पोहोचलो. दारावर सुरक्षारक्षक काळुराम म्हात्रे, वय अंदाजे ५७, होते. माझी त्यांची आधी ओळख नव्हती. त्यांनी अभ्यागत वहीत माझे नाव, वेळ, काम लिहून घेतले व सही घेतली. चार वाजले तरी साहेबांनी आत बोलावले नाही. म्हात्रे म्हणाले, "दादा, किती वेळ उभे राहणार? इथे तीन म्हणजे पाच. थांबा, आतून खुर्ची आणतो." ते खुर्ची आणायला आत गेले.

तेवढ्या वेळात मी वही उघडली व मागची पाने पाहिली. पान ४१, ४६, ५२ व ५८ वर कंपनीच्या माणसांच्या मिळून अकरा नोंदी होत्या. सर्व नोंदी आदेशाच्या आधीच्या तीन महिन्यांतल्या आहेत. भेटीचे कारण या रकान्यात अकराही वेळा 'सदिच्छा भेट' लिहिले आहे. पानांचे आकडे मी हातावर पेनाने लिहिले. म्हात्रे खुर्ची घेऊन आले तेव्हा वही मिटलेली होती. मी खुर्चीवर बसलो. त्यांनी मला पाणीही दिले.

वहीची पाहणी मागण्याचा मला कायद्याने हक्क होता. तो मला माहीत होता. नाही म्हणतील असे वाटले म्हणून मी मागितली नाही.

सुनावणीत अपील अधिकाऱ्यांनी नेमके काय हवे ते लिहून नवा अर्ज करण्यास सांगितले. त्याप्रमाणे ०५/०२/२०२५ रोजी मी दुसरा अर्ज दिला. या वेळी मोघम म्हणू नयेत म्हणून अभ्यागत वहीची पान क्रमांक ४१, ४६, ५२, ५८ यांची प्रत मिळावी असे लिहिले. हे आकडे बाहेरच्या माणसाला कसे कळले असे कोणी विचारील, हे माझ्या मनात आले नाही. अर्जाची शिक्का मारलेली प्रत हजर करतो. त्यानंतर मी त्या कार्यालयात गेलेलो नाही.

दिनांक ११/०२/२०२५ रोजी कार्यालयाने वही गहाळ झाल्याची व ती काळुराम म्हात्रे यांनी बाहेर दिल्याची तक्रार केली, असे मला दुसऱ्या दिवशी समजले. म्हात्रे यांनी अर्जावरचा माझा नंबर कोणाकडून तरी मिळवून मला फोन केला. ते म्हणाले, "दादा, मला कामावरून काढलं. एकच सांगा, मी तुम्हाला वही दाखवलेली का? सगळे म्हणतात दाखवली. आता मलाच शंका यायला लागली." मी "बघतो" असे म्हणून फोन ठेवला. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

त्यानंतर चार दिवस मी कोणाला काही सांगितले नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला गेलो, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठलो नाही. ऑड्रीने घरी येताना कारण विचारले. तिला सर्व सांगितले. ती म्हणाली, "पोलिसांकडे तरी मोघम लिहू नका." सोमवारी कामावरून सुट्टी मिळाली नाही म्हणून आज आलो.

काळुराम म्हात्रे यांनी मला वही दाखवली नाही, दिली नाही, तिच्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. वही मी नेलेली नाही. ती आता कोणाकडे आहे हे मला माहीत नाही. ती नाहीशी झाल्याने कोणाची सोय झाली याबद्दल मला जे वाटते तो पुरावा नव्हे, म्हणून ते सांगत नाही. दुसऱ्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. अर्ज मी मागे घेणार नाही.

जबाब लिहून घेणारे हवालदार मला म्हणाले, "तुस्कानो, हे असंच लिहिलं तर म्हात्रे बाजूला होईल आणि बोट तुमच्याकडे वळेल. वकिलाशी बोललात का?" मी बोललेलो नाही. असेच लिहावे, असे मी त्यांना सांगितले.

वरील जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात वहीची पाने 'चुकून नजरेस पडली' असे लिहिले होते. ते खोडून 'मी वही उघडली व मागची पाने पाहिली' असे करून घेतले व खोडलेल्या जागी सही केली. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.

जबाब देणार, लिनो बस्त्याव तुस्कानो